परदेशी पाहुणा आणि भाड्याची मोटार : रत्नागिरीतील एका सेवेचे परीक्षण

रत्नागिरी रेल्वे स्थानकाच्या परिसरात स्वतः चालवण्यासाठी मोटारी भाड्याने देणारी एक लहानशी सेवा आहे. माझी पुतणी आणि तिचे अमेरिकन यजमान या हिवाळ्यात येथे आले असता त्यांनी तेथून गाडी घेतली आणि बहुतेक प्रवासात मी मागच्या आसनावर होतो. ज्याचे सारे आयुष्य रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्यात गेले आहे, त्याला कोकणच्या रस्त्यावर सोडण्यापूर्वी ही मंडळी काय तपासतात आणि काय सांगतात, एवढ्याच दृष्टीने मी या सेवेकडे पाहिले.

कागदपत्रांच्या बाबतीत ती निर्दोष आहे. जावयांच्या मूळ परवान्यासोबत १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना त्यांनी मागितला, त्याची मुदत पाहिली आणि मूळ परवान्याशिवाय या पुस्तिकेचा उपयोग नाही हेही स्पष्ट सांगितले. पासपोर्टची छायाप्रत घेऊन मूळ प्रत तत्काळ परत केली. जामीन म्हणून पासपोर्टच ठेवून घेणारी दुकाने किनाऱ्यावर आहेत. तेथून पाहुण्याने सरळ उठून यावे. गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी होती, म्हणजे ती चालकाविना भाड्याने देण्यासाठीच नोंदवलेली होती. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते खरी, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि परक्या देशात त्या भानगडीत अडकण्याइतके वाईट दुसरे काही नाही.

या सेवेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे सुरुवातीला शेजारी बसणारा त्यांचा माणूस. त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागतात आणि ते अवश्य द्यावेत. गिअर डाव्या हाताने टाकायचा आणि इंडिकेटर उजवीकडे आहे, हे प्रथम उभ्या गाडीत समजावले गेले. तरीही पहिल्या काही वळणांवर इंडिकेटरऐवजी वायपरच फिरले. शहरातल्या गर्दीत मात्र जावयांना फारशी अडचण आली नाही, कारण पुढच्या गाडीमागे जात राहिले की बाजू आपोआप सांभाळली जाते. धोका रिकाम्या रस्त्यावर असतो, आणि हे त्या माणसाने नेमके ओळखले होते. शिरगावपासून पुढे आरे-वारेच्या दिशेने जाताना त्याने त्यांना पुन्हा पुन्हा कडेला थांबवले आणि पुन्हा निघायला लावले, कारण थांबून निघताना, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा उजवीकडे वळताना जुनी सवय नकळत परत येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अरुंद रस्त्यावर सगळेच मधून चालतात आणि वळणावर समोरून एसटी किंवा चिऱ्यांनी भरलेला ट्रक अचानक आला, तर परदेशी चालकाचा हात उजवीकडे, म्हणजे समोरच्याच्या अंगावर, वळतो. यावरचा त्याचा उपाय साधा होता: प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यायचा, वेग कमी करायचा आणि वळणाच्या आधीच डावी कड धरायची. विनाकारण हॉर्न वाजवणे असभ्य मानणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागला.

आपल्याकडची रस्त्यावरची खुणांची भाषाही त्याने शिकवली. समोरच्याने दिवे उघडझाप केले की ‘तुम्ही या’ असे अमेरिकन माणूस समजतो; येथे त्याचा अर्थ बहुधा ‘मी येतोय, थांबा’ असा असतो. घाटात दोन गाड्या मावत नसतील तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा नियमही सांगितला गेला.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. लहान मुलासाठीचे आसन त्यांच्याकडे मिळत नाही. नातवंडे घेऊन येणाऱ्यांनी ते मुंबई-पुण्याहूनच आणावे. स्टेपनीत हवा कमी होती आणि ती आम्ही विचारले तेव्हाच तपासली गेली. अडचणीच्या वेळी करायच्या दूरध्वनीच्या कागदावर फक्त मालकांचा क्रमांक होता. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८ आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हे सर्व आम्हीच त्यावर लिहिले. रात्रीच्या प्रवासाबद्दल तर कोणी अवाक्षरही काढले नाही. अंधार पडल्यावर रस्त्यात बसलेली गुरे, दिवे नसलेल्या सायकली आणि समोरून प्रखर झोतात येणाऱ्या गाड्या यांमुळे स्थानिक माणूसही बेतानेच गाडी हाकतो. पाहुण्याला मुक्कामी उजेडात पोहोचण्याचा सल्ला लेखी द्यायला हवा. मोबाइलचा नकाशा जवळची वाट म्हणून दोन गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या, पाखाडीच्या अरुंद पायवाटेवर नेऊन सोडतो आणि तेथून गाडी मागे घेणे हे दिव्यच असते, याचीही कल्पना दिली जात नाही.

जयगडहून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीबद्दल मात्र सूचना चोख होत्या: बोटीवरचा माणूस हाताने दाखवील तशीच गाडी घ्यावी, उभी केल्यावर हँडब्रेक ओढून गिअर टाकून ठेवावा. गुहागरकडे जाणाऱ्यांचा त्यामुळे बराच वळसा वाचतो. गाडी पुळणीवर नेणार नाही अशी सही ते घेतात, तीही योग्यच आहे; भरतीच्या वेळी वाळूत रुतलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

दर इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, तरी परदेशातून येणाऱ्या आप्तांना मी हेच दुकान सुचवीन, पण ऑक्टोबर ते मे या काळातच. पावसाळ्यात, किंवा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तेव्हा, त्यांच्याकडूनच चालकासह गाडी घ्यावी. तशी ती मिळते. फक्त चालकाचा रात्रीच्या मुक्कामाचा भत्ता आणि फेरीबोटीचे तिकीट कोणी द्यायचे, हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे.