जॉय डिव्हिजनच्या ‘स्टिल’ची पहिली आवृत्ती कुणी विकत असेल, तर आधी हे वाचा

२०,३५० रुपये गेले. १६,५०० रेकॉर्डचे, ३,८५० ‘कस्टम ड्युटी’चे.

‘स्टिल’ हा जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक बँडचा संकलन अल्बम. बँडचा गायक इयन कर्टिस गेल्यावर, १९८१ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सने काढलेला डबल एलपी, म्हणजे दोन तबकड्या, चार बाजू. पहिल्या काही प्रतींना गोणपाटासारख्या जाड्याभरड्या कापडाचं कव्हर आणि रिबीन होती. मला तीच हवी होती.

विकणारा मराठीच. आत्येभाऊ बर्मिंगहॅमला असतो, तो पाठवेल म्हणाला. बँडचा शेवटचा कार्यक्रम २ मे १९८० ला तिथल्याच विद्यापीठात झाला आणि तो या अल्बमवर आहे. त्यातल्या ‘सेरेमनी’ या गाण्याच्या सुरुवातीला कर्टिसचा आवाज नीट ऐकूच येत नाही, हेही त्याने आपणहून सांगितलं. इतकं जाणणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? मी चौकशी केलीच नाही, असं कुणी म्हणू नये. मीच त्याच्याकडे चौथ्या बाजूच्या रनआउटचा फोटो मागितला होता. लेबलाभोवतीच्या त्या गुळगुळीत पट्टीवर पहिल्या बाजूला ‘द चिकन वोन्ट स्टॉप’ कोरलंय, चौथ्या बाजूला ‘द चिकन स्टॉप्स हिअर’. फोटो आला तो ‘वोन्ट स्टॉप’चा. पहिल्या बाजूचा! मी विचारलं, तर म्हणे, “दादा, चुकून गेला. घ्यायची नसेल तर दुसरं गिऱ्हाईक थांबलंय.” अरे, रेकॉर्ड हातात असलेल्या माणसाला ती पालटायला कितीसा वेळ लागतो? त्याच्याकडे रेकॉर्ड नव्हतीच, कुणाचे तरी चोरलेले फोटो होते. तो मेसेज आजही उघडून बघतो आणि डोकं फिरतं.

पैसे पाठवल्यावर ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय’ म्हणून पावती आली, शिक्क्यासकट. ड्युटी कधीही कुणाच्या खासगी यूपीआयवर भरायची नसते. कधीही नाही. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न काय? “ही गाणी यूट्यूबवर नाहीत का?” दुसरा, “वीस हजारांची जुनी तबकडी घेतं का कुणी?” म्हणजे गुन्हेगार मीच! ठाणं म्हणतं सायबरकडे जा, सायबरवाले म्हणतात हद्द ठाण्याची. बँकेतली बाई मान वर न करता म्हणाली, “पिन तुम्हीच टाकलाय ना?” अहो, पण ज्या खात्यात पैसे गेले त्याचा नंबर तुमच्या स्क्रीनवर दिसतोय, ते गोठवायला काय हरकत आहे? उत्तर नाही. अर्जावर पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. पैसे गेले की ठाण्याची वाट धरू नका, त्याच क्षणी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मला हे कुणी सांगितलंच नाही.

व्हिडिओ मागा. चारही बाजूंचा, आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून.

तो माणूस आता दुसऱ्या नावाने तीच रेकॉर्ड विकतोय, १९,००० ला. फोटो तेच आहेत. रिबिनीच्या खाली डाव्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा लांबट डाग दिसला, तर एक रुपयाही पाठवू नका.