बालवाडीच्या ताईंसाठी कोचिंग लावलं: पैसे वसूल, फक्त तो रिपोर्ट नको

आमची छोटी शाळा आहे नाशिकला, प्लेग्रुप ते ज्युनियर केजी. जूनपासून ताईंसाठी वर्गात येऊन कोचिंग करणारी एक सर्व्हिस लावलीय, बऱ्याच जणी विचारतात कशी आहे म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. नाव देत नाहीये कारण तक्रारी पण आहेत आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितल्यात.

कोचिंग म्हटलं की लोकांना वर्कशॉप वाटतं. हॉल, प्रोजेक्टर, मधे समोसा-चहा आणि शेवटी सर्टिफिकेटचा फोटो, तसलं काही नाही. कोच मॅडम पंधरा दिवसांनी येतात, मागे पोरांच्याच छोट्या खुर्चीवर बसतात, मोबाईल स्टँडला लावून पंधरा-वीस मिनिटं शूट करतात आणि जातात. मग ताईला व्हॉट्सॲपवर त्यातले मिनिट-दोन मिनिटांचे तुकडे येतात, सोबत एखाद-दुसरा प्रश्न, आणि दुपारी पोरं घरी गेली की फोनवर बोलणं. पहिला तुकडा कायम ताईचं काहीतरी छान जमलंय असाच असतो, तो मुद्दाम निवडतात. ही पद्धत मूळची अमेरिकेतल्या व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीची, रॉबर्ट पियांटा वगैरे मंडळींनी बसवलेली, मायटीचिंगपार्टनर नावाची, तिथेही व्हिडिओ आणि दोन आठवड्यांचंच चक्र असतं. आमच्या मॅडमनी ती आपल्याकडे जमेल अशी करून घेतलीय आणि तसं सरळ सांगतात.

एक तुकडा सांगते, ताईला विचारूनच लिहितेय. सकाळी सगळे गोलात बसतायत, ताई हजेरी घेतेय, एक चार वर्षांचा पोरगा तिची ओढणी ओढून सांगतो, "ताई, आज आमच्याकडे पाणीच नाय आलं." ताई मस्टरमधून मान वर न काढता, "अरे वा, छान! बस बस." ताईने स्वतःच ते बघितलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यात पाणी आलं. मॅडमनी चूक बिक काही काढली नाही, एवढंच विचारलं की तो काय सांगायला आला होता?

मग पंधरा दिवसांसाठी एकच काम. मूल काही बोललं की त्याच्याच बोलण्यातला शब्द उचलून प्रश्न विचारायचा आणि मनात तीन मोजेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. हे तीनचं पण उगाच नाही, मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या वर्गांमधे मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले की मुलं जास्त आणि लांब बोलतात. पुढच्या व्हिडिओत तोच पोरगा, "ताई टँकर आला." ताई म्हणते, "टँकर? मग?" आणि गप्प, ओठ हलताना दिसतात, मोजतेय बिचारी. आणि मग जे सुरू झालं, "आजी भांडली, ती बादली आमचीच होती, मी पकडली ना, माझी चप्पल भिजली," मग शेजारची म्हणते आमच्याकडे पण टँकर, तिसरा म्हणतो आमचा टँकर मोठा होता. त्या दिवशी बडबडगीत राहिलं. राहू दे.

सगळ्याच ताईंना हे पचलं असं नाही हां. एक सिनियर ताई दिवाळीपर्यंत क्लिप उघडतच नव्हत्या, म्हणायच्या इतकी वर्षं पोरं सांभाळली आता कॅमेरा कशाला. शेवटी मॅडमनी शूटिंग बंद केलं आणि स्वतः गोल घेतला, ताई मागे बसून बघत होत्या, त्यानंतर गाडी हलली. हे आधीच सुचायला हवं होतं त्यांना, इतके महिने वाया गेले.

आता खरी तक्रार. रिपोर्ट. क्लास म्हणून एक अमेरिकन मोजमाप आहे, एक ते सात मार्क, तीन मोठे भाग: मुलांना मिळणारा भावनिक आधार, वर्ग कसा चालवता, आणि शिकायला किती मदत होते. ते मार्क ताईंच्या नावासकट लाल-हिरव्या रंगात मला ईमेलवर यायचे. अहो, तिथल्या हेड स्टार्टच्या, म्हणजे गरीब घरच्या मुलांसाठीच्या सरकारी बालवाड्यांच्या वर्गांना पण तिसऱ्या भागात सरासरी तीनच्या आसपास मिळतात, आणि तिथे चार-पाच वर्षांच्या जास्तीत जास्त वीस मुलांमागे दोन मोठी माणसं. आमच्याकडे सव्वीस पोरं, एक ताई, मावशी अर्धा वेळ बाथरूमच्या फेऱ्यात. त्यात लाल रंगातला दोन बघून मी काय करू? शिवाय मार्क माझ्याकडे येतात हे ताईंना कळल्यावर शूटिंगच्या दिवशी कपाटातून पपेट बाहेर यायला लागले, पाहुणे आले की शोकेसमधला कपसेट निघतो तसे. मी सांगितलं मला आकडे पाठवू नका, तुमचं आणि ताईंचं तुमच्यात ठेवा. तेव्हापासून व्हिडिओ खरे यायला लागले.

बाकी किरकोळ: सुरुवातीला प्रश्न इंग्लिशमधे यायचे, मराठीत मागितले तर कॉम्प्युटरने केल्यासारखं मराठी आलं, आता व्हॉइस नोट येते, ते बरंय. पालकांच्या परवानगीचा फॉर्म त्यांच्याकडे नव्हताच, पोरांचे व्हिडिओ निघतायत आणि फॉर्म नाही म्हणजे कमालच, तो आम्ही बनवला आणि क्लिप बघून झाल्यावर डिलीट करायच्या असं त्यात लिहून घेतलं.

माझी मैत्रीण अंगणवाडी सेविका आहे, ती म्हणे आम्हाला कोण देणार हे. एका पर्यवेक्षिकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या, भेट दिली की रजिस्टर आणि पोषण ट्रॅकरचं सरकारी ॲप बघण्यातच वेळ संपतो. ज्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मधे बोर्डीला बालवाडी काढून पुढे पोरांच्या अंगणात घेऊन गेल्या, तिथे ताईच्या वर्गात येऊन बसायला आज कोणाला सवड नाही, असो. तिला म्हटलं शेजारच्या सेविकेशी जोडी कर, दोघींनी एकमेकींचे पाच मिनिटांचे व्हिडिओ बघा, आधी चांगलं काय ते सांगा मग एकच प्रश्न. फुकटात निम्मं काम होतं.

आम्हाला एका ताईमागे महिन्याला दीड हजार पडतात, किमान तीन ताई लागतात. माझ्याकडून पाचापैकी चार. सही करायच्या आधी मार्क कोणाला दिसणार ते लेखी घ्या, आणि जीएसटी वेगळा लागतो, कोटेशनमधे दिसत नाही, विचारून घ्या.