टूडी, थ्रीडी की एमआरआय? आधी जुना रिपोर्ट काढा

मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीची, वेळ ठरवताना "टूडी की थ्रीडी?" असं विचारलं, की नवं ते चांगलं म्हणून बऱ्याच जणी थ्रीडी सांगून मोकळ्या होतात. मी आधी जुना रिपोर्ट काढून त्यात स्तनांच्या घनतेचं अक्षर बघेन. ए (सर्वांत कमी घन) ते डी (सर्वांत घन) यांपैकी एक असतं. एक्स-रेत चरबी काळपट दिसते, ग्रंथींचा भाग पांढरा आणि गाठही पांढरीच. सी किंवा डी असेल, तर पांढऱ्यात पांढरं शोधायचं असतं. ही घनता हाताला कळत नाही, फोटोतच दिसते.

फिल्म जाऊन डिजिटल आलं तेव्हाही फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. २००५ सालच्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात एकूण निकाल जवळपास सारखे होते. पन्नाशीच्या आतल्या आणि घन स्तनांच्या स्त्रियांमध्ये मात्र डिजिटल सरस ठरलं.

आता टूडी आणि थ्रीडी. जाळीच्या कापडाची घडी उजेडात धरून बघा. थरांवर थर येऊन नसलेला डाग दिसतो आणि असलेला लपतो. टूडीची अडचण हीच. थ्रीडीत, म्हणजे टोमोसिंथेसिसमध्ये, एक्स-रेची नळी कमानीसारखी फिरते आणि संगणक साधारण एकेक मिलिमीटरचे थर वेगळे करून दाखवतो. स्तन दाबून धरणं मात्र थ्रीडीतही चुकत नाही! एकाच वेळी टूडी आणि थ्रीडी दोन्ही काढले तर किरणोत्सर्ग वाढतो. थ्रीडीवरूनच टूडी चित्र तयार होतं का, हे विचारून घ्या.

घनता ए-बी, धोका सर्वसाधारण आणि जवळ डिजिटल टूडीच असेल, तर थ्रीडीसाठी तपासणी लांबवू नका. सी-डी असेल तर थ्रीडीला माझी पसंती, पण अगदी घन स्तनांत तीही कमी पडते. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या अभ्यासात अशा स्त्रियांना जादा एमआरआय देऊ केल्यावर दोन तपासण्यांच्या मधल्या काळात निघणारे कर्करोग हजारी ५ वरून २.५ वर आले. एमआरआयला किरणोत्सर्ग नाही, पण शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं औषध) द्यावा लागतो आणि निरुपद्रवी गोष्टींवरूनही बायोप्सीची वेळ येऊ शकते. बीआरसीए हा स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकदोष असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांशी बोलाच.

सोनोग्राफी जोडीला ठीक. चुन्याचे बारीक कण (काही वेळा कर्करोगाची सुरुवातीची खूण) तिच्यात सहज निसटतात, म्हणून ती मॅमोग्राफीची जागा घेत नाही. थर्मोग्राफीच्या, म्हणजे त्वचेच्या उष्णतेच्या फोटोच्या, नादी लागू नका.

गाठ लागत असेल तर हा हिशेब सोडा आणि थेट डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांनी जुने फोटो बरोबर न्यावेत आणि त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नये. त्याचे ठिपके फोटोत चुन्याच्या कणांसारखे दिसतात.