१६ अँपिअरचा प्लग-मीटर: कुलरचा हिशेब लागतो, मोटारीचा नाही

प्लग-मीटर म्हणजे एखादं उपकरण किती वीज खातं ते दाखवणारा छोटा मीटर. सॉकेट आणि कुलरच्या पिनेमध्ये हा खोचायचा, २४ तासांनी वॅट नाही, युनिट वाचायचे. २०० वॅटचा लोखंडी कुलर रोज दहा तास चालला तर २ युनिट, महिन्याचे ६०. १०० युनिटांचा स्वस्त टप्पा निम्म्याहून जास्त तिथंच संपला! रिमोटनं बंद केलेला सेट-टॉप बॉक्स १० वॅट दाखवत असेल, तर महिन्याला ७ युनिट फुकट. बटण भिंतीवरूनच बंद करा.

खोट आतल्या बटण-सेलची. तो उतरला की लाइन जाताच नोंद पुसते, आणि खेड्यात लाइन किती जाते ते काय सांगायचं. सेल बदलता येणाराच मीटर घ्या. छताच्या पंख्याला पिन नसते, म्हणून तो यावर मोजता येत नाही. विहिरीवरच्या थ्री-फेज मोटारीला लावूच नका.