ई२० पेट्रोल, जुनी इम्पल्स आणि कार्बच्या वाटीचे चार स्क्रू: काही महिने चालवल्यानंतर

हिरोची इम्पल्स ही मोटरसायकल कशी आहे हे इथे वाचणाऱ्यांना सांगत बसत नाही. २०११ साली आलेली, दीडशे सीसीची, मातीत आणि डांबरावर सारखीच रमणारी. तिचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली, पण ताम्हिणीच्या आतल्या कच्च्या वाटांवर इतकी हलकी गाडी या पैशात मला अजून सापडलेली नाही. म्हणून ती विकायचा विचार कधी केला नाही.

पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळायला लागल्यापासून मात्र गाडीचं काहीतरी बिनसलं. सकाळी चोक काढला की बंद पडायची. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज. चाळीस-पन्नासच्या वेगात स्थिर धरावी, तर हिसके देत मागे-पुढे व्हायची. ज्या मोठ्या गॅरेजात नेली तिथे उत्तर ठरलेलं होतं: "पेट्रोलचा काही संबंध नाही साहेब, कार्ब गेलाय, नवीनच टाका." मी नको म्हटलं. त्यांनी कार्ब, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, साफ केल्याचे पैसे लावले आणि गाडी होती तशीच परत दिली. घरी येऊन बघतो तर कार्बच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीच्या चार स्क्रूंपैकी दोघांची डोकी गोल केलेली. राग त्या बिलापेक्षा या दोन स्क्रूंचा जास्त आला, आणि का ते नीट सांगतो.

या कार्बच्या वाटीला जे स्टार स्क्रू असतात ते बहुतेक वेळा जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस असतात. अनेकांच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं. आपल्याकडे गॅरेजात जो साधा फिलिप्स स्टार असतो त्याचं टोक या खाचेत पूर्ण बसत नाही. जोर लावला की ते वर सरकतं आणि खाच खातं. स्क्रू मऊ, वाटीचे आटे त्याहून मऊ. एकदा डोकं गेलं की पुढचा मेकॅनिक पक्कड लावतो, त्यानंतरचा छिन्नी. जेटिंग म्हणजे वाटी उघडणं, जेट (ज्याच्या भोकातून मोजकं पेट्रोल जातं तो छोटा भाग) बदलणं, गाडी फिरवून आणणं आणि परत उघडणं. ज्या कार्बची वाटी उघडायलाच भीती वाटते त्याचं जेटिंग होत नाही. कोणी मला विचारलं की इम्पल्सच्या कार्बात पहिला बदल कोणता करू, तर माझं उत्तर हेच: ते चार स्क्रू काढून तिथे एम४ चे (चार मिमी जाडीचे, षटकोनी खाचेचे) एलन बोल्ट टाका, लांबी जुन्या स्क्रूइतकीच. हार्डवेअरच्या दुकानात चहाच्या पैशात मिळतात. घट्ट करताना एलन की लांब बाजूने धरून मनगटाचा जोर देऊ नका, दोन बोटांत फिरेल तेवढंच. मी हे केलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला, पुलाच्या कठड्यापाशी उभी करूनही वाटी उघडता यायला लागली. इतका स्वस्त आणि इतका उपयोगी बदल या गाडीवर दुसरा नाही.

आता पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनच्या नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्बला सेन्सर नाही, जेटचं भोक आहे तेवढंच राहतं. म्हणजे गाडी आपोआप लीन होते, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. ई१० च्या (दहा टक्के इथेनॉलच्या) तुलनेत चार टक्के, जुन्या पेट्रोलच्या तुलनेत आठ. आणि प्रदूषणाच्या नियमांसाठी कंपनीतूनच लीन सेट केलेल्या इंजिनला हे चार टक्के जाणवतात.

खात्री मला आंबेनळी घाटाने दिली. पोलादपूरला गाडी हिसके देत होती, वर महाबळेश्वरला पोचेपर्यंत शहाण्यासारखी चालायला लागली. तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास. हवा विरळ, त्यामुळे कार्बचं मिश्रण पाच-सहा टक्क्यांनी रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं. इथेनॉलने जे काढून घेतलं ते घाटाने भरून दिलं. कार्ब खराब असता तर वर जाऊन सुधारला नसता.

बहुतेक जण इथे थेट मेन जेट, म्हणजे मुख्य जेट, मोठा करतात. मेन जेटचं काम खऱ्या अर्थाने पाऊण थ्रॉटलच्या पुढे सुरू होतं, आणि आपण या गाडीवर दिवसभर पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर असतो. तिथे राज्य नीडलचं, म्हणजे वर-खाली होणाऱ्या निमुळत्या सुईचं, आणि त्याखाली आयडलिंगच्या छोट्या पायलट जेटचं आणि तिथलं मिश्रण ठरवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूचं. जेटवरचा आकडाही लक्षात घ्या. ११० म्हणजे साधारण १.१० मिमीचं भोक. ११५ टाकला तर वाटतं पाचचाच फरक, पण भोकाचं क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढतं. त्यात बाजारातल्या डुप्लिकेट जेटवर आकडा एक आणि भोक भलतंच. उजेडासमोर धरून बघितलं तर काहींची कड फाटलेली दिसते. मी मेन जेट कंपनीचाच ठेवला.

आधी हवा कुठून चोरून येत नाही ना ते बघितलं: इनटेकचं रबर वाकवून भेगा तपासल्या, हवेची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या स्लाइडचा डायफ्रॅम (रबरी पडदा) उजेडात धरून सुईएवढं भोक शोधलं. दोन्ही ठीक होतं. मग मिक्श्चर स्क्रू. तो काढताना त्याच्या मागे स्प्रिंग, वॉशर आणि मोहरीपेक्षा जरा मोठी एक ओ-रिंग येते. ही ओ-रिंग नेहमी आतच चिकटून राहते. पातळ तारेचं टोक वाकवून ती बाहेर ओढावी लागते. माझ्या कार्बात आत एक जुनी चपटी झालेली आणि तिच्यावर एक नवी अशा दोन निघाल्या. कोणीतरी जुनी न काढता नवी कोंबली होती. अशा स्क्रूवर आयडलिंग कधीच लागणार नाही. एकच नवी ओ-रिंग टाकली, इंजिन पूर्ण गरम केलं आणि स्क्रू हळूहळू बाहेर घेत जिथे आरपीएम सगळ्यात वर जातो तिथे थांबलो. फटफट त्याच संध्याकाळी गेली.

हिसके मात्र राहिले. माझ्या नीडलला क्लिपच्या खाचा नाहीत, म्हणून तिच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा एक पितळी वॉशर टाकला. नीडल तेवढी वर उचलली जाते, पाव ते पाऊण थ्रॉटलला पेट्रोल वाढतं. कात्रजच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढायला लागली तेव्हा खात्री पटली. दुसरा वॉशर टाकून बघितला, त्याने चढावर जडपणा आला, तो काढला.

याआधी माझं मत होतं की हा व्हॅक्यूम कार्ब काढून गोल स्लाइडचा मोठा कार्ब बसवावा, त्याची थ्रॉटलला साथ थेट असते. आता ते मत राहिलेलं नाही. व्हॅक्यूम कार्बची स्लाइड इंजिनला जेवढी हवा पेलते तेवढीच उठते, त्यामुळे दगडधोंड्यांत हात हलला तरी गाडी गुदमरत नाही, आणि उंचीचा फरकही थोडाफार सांभाळला जातो. मातीत चालवायच्या गाडीला हेच हवं. शिवाय त्या पैशात दोन्ही टायर येतात.

अ‍ॅव्हरेज पडलं का, हा प्रश्न येणारच. ई२० आल्यावर पडलं होतं, जेटिंगनंतर आणखी पडलं नाही, किंचित सुधारलंच, कारण आता थ्रॉटल कमी उघडावा लागतो. इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी, तेवढी घट कुठल्याही स्क्रूने परत येणार नाही. पीयूसी लगेच करून घ्या. या गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ३.५ टक्के आहे, आणि मिक्श्चर स्क्रू बेताशिवाय उघडला तर तिथेच अडकाल. माझी पहिल्या फटक्यात पास झाली.

लडाखला निघणाऱ्यांनी वॉशर काढून जावं. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे कंपनीचं सेटिंगसुद्धा फार रिच पडतं. एलन की आणि वाटीचा गॅस्केट सोबत ठेवा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी तळाशी बसतं आणि पायलट जेटच्या केसाएवढ्या भोकात हिरवट खार धरतो. तो खार तारेने खरवडू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून सकाळी हवेच्या फवाऱ्याने उडवा.