चिऱ्याच्या घरात गेमशेअर : सात महिन्यांच्या वापरानंतर

२०२५ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या मूळ घरात सगळी भावंडे जमली, तेव्हा मुलांकडे व्हिडिओ गेम खेळायची दोन जुनी यंत्रे, निन्टेन्डो स्विच, होती, माझ्याकडे नवा स्विच २ होता आणि खेळाची प्रत मात्र एकच होती. तेव्हापासून जवळपास प्रत्येक सुट्टीत आम्ही गेमशेअर, म्हणजे एकाच प्रतीवर जवळच्या इतर यंत्रांनाही खेळात घेणारी स्विच २ ची सोय, वापरत आलो आहोत. घरात यंत्रे दोन-तीन असूनही प्रत्येकासाठी खेळाची वेगळी प्रत घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

एका प्रतीवर अनेकांनी खेळण्याची कल्पना जुनीच आहे. २००४ च्या निन्टेन्डो डीएस या खेळयंत्रातील डाउनलोड प्ले या सोयीत खेळाचा लहानसा भाग पाहुण्याच्या, म्हणजे प्रत नसलेल्या खेळाडूच्या, यंत्राच्या मेमरीत उतरत असे आणि यंत्र बंद करताच पुसला जात असे. ही मेमरी अवघी ४ एमबीची असल्यामुळे पाहुण्याच्या वाट्याला थोडेच येई. मारिओ कार्ट डीएस या शर्यतीच्या खेळात एका कार्डावर आठ जण खेळू शकत, पण पाहुण्यांना शाय गाय हे एकच पात्र मिळे. गेमशेअरमध्ये खेळ पाहुण्याकडे उतरतच नाही. तो यजमानाच्या, म्हणजे प्रत असलेल्याच्या, स्विच २ वर चालतो, तेथून चित्र आणि आवाज बिनतारी पोहोचतात आणि पाहुण्याने दाबलेली बटणे उलट दिशेने परत येतात. त्यामुळे २०१७ चा जुना स्विचही पाहुणा म्हणून पुरतो.

या रचनेमुळेच जागेला फार महत्त्व येते. आमच्या भिंती चिऱ्याच्या, चांगल्या दीड हात जाडीच्या आहेत, आणि पावसाळ्यात ओलही धरतात. एक जण माजघरात आणि दुसरा सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसला की चित्र अडखळायचे, कधी जोडणीच तुटायची. सगळे राजांगणाभोवती, म्हणजे घराच्या मधल्या अंगणाभोवती, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात बसू लागल्यापासून ही अडचण उरलेली नाही. पाऊस सुरू असताना वीज गेली आणि राउटर बंद पडला, तरी खेळ थांबला नाही, कारण यंत्रे एकमेकांशी थेट बोलतात. मला या सोयीचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो.

सर्वाधिक खेळला गेला तो ५१ वर्ल्डवाइड क्लासिक्स हा संग्रह. त्यातील लुडो आणि कॅरम कुणालाही शिकवावे लागले नाहीत. माझ्या आईनेही पुतण्यांशी लुडोचे डाव मांडले. पाळीपाळीने खेळायच्या अशा खेळांत क्षणभराचा उशीर जाणवतही नाही. सुपर मारिओ ओडिसीमध्ये मात्र दोघेच खेळू शकतात आणि दुसऱ्याला मारिओची टोपी, म्हणजे कॅपी, सांभाळावी लागते. धाकट्या भाचीला ती भूमिका मनापासून आवडली, कारण वाट शोधण्याची जबाबदारी तिच्यावर नव्हती.

ही सोय प्रत्येक खेळात नाही, म्हणून केवळ वाटून खेळण्यासाठी एखादी प्रत घेणार असाल, तर आधी त्या खेळाच्या माहितीत गेमशेअरचा उल्लेख आहे का ते पाहावे. यजमान यंत्र घरी गेले की पाहुण्याकडे काहीही उरत नाही, हेही मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे. आमच्या गावी इंटरनेट मंद असल्यामुळे जुन्या यंत्रांचे अपडेट मडगावहून निघण्यापूर्वीच उतरवून घेण्याची सवय आता आम्ही लावून घेतली आहे.