आठ महिने लिनक्सवर: तेराव्या चॅनेलचा लपंडाव

लॅपटॉपवर लिनक्स टाकून आठ महिने झाले. कीबोर्ड, बॅटरी, स्लीप सगळं ठीक, त्याबद्दल लिहावं असं काही नाही. डोकं खाल्लं ते वायफायने.

दोन-तीन आठवडे सुरळीत चालायचं आणि एखाद्या सकाळी घरचं नेटवर्क यादीतून गायब. शेजाऱ्यांची पाच-सहा दिसतायत, आपलंच नाही. फोन मात्र त्याच टेबलावर मजेत चालू. राउटर बंद-चालू केला की बहुतेकदा स्वारी परत हजर. मी आधी राउटरला शिव्या घातल्या, मग ड्रायव्हरला. फर्मवेअर बदललं, कर्नल बदलला, एकदा तर अख्खी सिस्टिम नव्याने टाकली. फुकट गेलेला रविवार.

धागा सापडला तो फोनवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरमध्ये. राउटर ‘ऑटो’वर होता, म्हणजे चॅनेल (वायफायच्या लहरींची ठरावीक पट्टी) तो स्वतःच निवडायचा, आणि गर्दी टाळत १३व्या चॅनेलवर जाऊन बसला होता. वायफायला कुठल्या देशाचे रेडिओ नियम लागू आहेत ते सांगणारी ‘आयडब्ल्यू रेग गेट’ ही कमांड टर्मिनलमध्ये दिली तर देश ‘यूएस’, आणि २.४ गिगाहर्ट्झची ओळ २४७२ला संपलेली. १३व्या चॅनेलचा मध्यच २४७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे अर्धा चॅनेल कुंपणाबाहेर! लिनक्सच्या यादीत अमेरिकेला ११ पर्यंतच चॅनेल आहेत, इतर बहुतेक देशांना १३.

मग ‘आयडब्ल्यू रेग सेट’ने आपल्या देशाचा कोड दिला. पुन्हा पाहिलं तर देश ‘९८’. असा देशच नाही. अमेरिकेच्या आणि आपल्या अशा दोन याद्यांत जे सामाईक तेवढंच, याची ती खूण. कार्डात कारखान्यातूनच अमेरिका कोरलेली, त्यामुळे आपल्या सांगण्याने मर्यादा आकसते, सैल होत नाही. हे नियम उठवणारे पॅच मिळतात, पण त्या वाटेला गेलो नाही. राउटर ११वर कायम केला. पाच महिन्यांत नेटवर्क एकदाही गायब नाही.

जुन्या डेस्कटॉपला लावलेल्या यूएसबी डाँगलची तऱ्हा वेगळी. तिथे देश ‘००’, म्हणजे कुठलाच नाही. ५ गिगाहर्ट्झच्या प्रत्येक ओळीपुढे ‘नो-आयआर’: ऐकायची मुभा, स्वतःहून बोलायची बंदी. म्हणून राउटरला जोडलं जायचं, पण त्याच बँडवर हॉटस्पॉट काही सुरू होईना. इथे मात्र कोड देताच चाललं. रीबूट केल्यावर पुन्हा ‘००’, म्हणून तो कोड ‘सीएफजी८०२११’ या कर्नलच्या वायफाय मॉड्यूलच्या पर्यायांत लिहून टाकला. हॉटस्पॉट ३६वर ठेवलाय. ५२ आणि पुढचे बरेचसे चॅनेल रडारचेही आहेत, तिथे किमान ६० सेकंद कान देऊन मगच बोलावं लागतं. राउटर एकदा तिथे गेला होता, तेव्हा त्या मिनिटभराच्या शांततेत मी केबल उपटून पुन्हा खोचली होती.